सत्तावीस जिराफ आणि दोन सेंटिमीटर

लहान मुलांची लाकडी खेळणी करण्यात माझी अडतीस वर्षं गेली असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग विचारतो, "ते ठीक, पण पोटापाण्यासाठी काय करायचात?" संपादकांनीही फोनवर हेच विचारलं आणि वर म्हणाले, जरा खुसखुशीत लिहा. तेव्हा खुसखुशीत तेवढं आधी सांगतो. पुढचं मला टाळता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते टाळून लिहिण्यात अर्थ नाही.

डहाणू रोडला माझी वखार होती. तालुक्यातल्या आणि तलासरीकडच्या बालवाड्यांना मी खेळणी पुरवायचो. ठोकळे, रिंगांचा मनोरा, मणी सरकवायची पाटी, भोकात बसवायचे त्रिकोण-चौकोन, दोरीनं ओढायचा हत्ती. लाकूड बहुतेक शिवणीचं, कारण ते हलकं असतं आणि त्याला चिरा जात नाहीत. खिळा एकही नाही, सगळं खुंटीवर. कडा इतक्या घासायच्या, की गालावर फिरवल्या तरी कळू नये. लोकांना वाटतं खेळणं म्हणजे नाजूक काम. तीन वर्षांचं मूल वस्तू आधी चावतं, मग आपटतं, मग तिच्यावर बसतं आणि शेवटी तिच्यावर मुततं. चारही परीक्षांत पास होईल तेच खेळणं मी वखारीबाहेर पाठवायचो. नवा नमुना केला की गच्चीवरून खाली टाकायचो. बायको म्हणायची, "शेजारी विचारतात, रोज भांडता का हो तुम्ही?"

या मजबुतीचा एक परिणाम मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. जी वस्तू मुलांना मोडता येत नाही, ती मोठी माणसं वापरायला काढतात. बोर्डीला एका बालवाडीत गेलो तर मण्यांची पाटी जागेवर नाही. ती किनाऱ्यावर क्रिकेटचा धावफलक म्हणून गेली होती, आणि पंच ती हातातून सोडायला तयार नव्हते, कारण सामना रंगात आला होता. ठोकळे खाटेच्या पायांखाली. रिंगांच्या मनोऱ्यावर सेविकेच्या बांगड्या. एका घरी माझा हत्ती चुलीसमोर पाट म्हणून बघितला. आजीबाई त्यावर बसून भाकऱ्या थापत होत्या, आणि भाकरी झाली की हत्तीसकट सरकून पलीकडच्या डब्यापर्यंत जात होत्या. मी बघत उभा राहिलो तर म्हणाल्या, "चाकं लय चांगली बसवलीस."

आता जिराफाकडे वळतो. बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी मुलांची उंची मोजायला जिराफाच्या आकाराच्या फळ्या मागितल्या. मुलांसाठी चार फुटांची पुष्कळ झाली असती. पण साडेसहा फुटांची सागाची सुंदर फळी समोर असताना ती कापायला माझा हात होईना. शिवाय जिराफ उंच नको का? मी पूर्ण उंचीचे सत्तावीस जिराफ केले. बाई म्हणाल्या, "एवढं मोठं मूल कुठून आणायचं?" मी म्हटलं, "पालक उभे राहतील."

पालक उभे राहिले. सगळा पाडा उभा राहिला. लग्न जमवताना मुलगा-मुलगी जिराफाला दाखवून आणायची रीत पडली. विकायचे बांबू जिराफाला टेकवून मोजले जायचे. तलासरीकडे एका पाड्यावर मेलेला साप जिराफावर खिळवून त्याची लांबी बघितली, आणि दुसऱ्या दिवशी एकही मूल बालवाडीत पाऊल टाकीना. मला हे सगळं ऐकून भारी आनंद व्हायचा. माझ्या हातची वस्तू सत्तावीस गावांचं माप झाली होती.

फळीवरच्या रेघा आणि आकडे रंगवायचं काम नटूभाई पेंटरचं. हा माझा चाळीस वर्षांचा दोस्त. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि गिऱ्हाईक बुडवून गेलं की हिंदी. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, अक्षर मोत्यासारखं. मी पेन्सिलीनं रेघ मारून आकडा लिहायचा आणि त्यानं त्यावर रंग चढवायचा, अशी आमची वाटणी.

आणि माझी टेप. ही टेप मला माझ्या उस्तादांनी दिलेली. तिचं तोंड कधीच तुटलं होतं आणि पहिले दोन सेंटिमीटर गेले होते. नवी टेप काय महाग होती असं नाही, पण हात बसला होता. सुतार अशा वेळी काय करतो? दोनच्या रेघेपासून मोजायला लागतो आणि येईल त्यातून दोन वजा करतो. शंभर हवे असतील तर एकशेदोनवर खूण. वर्षानुवर्षं हेच करत आलो, ते इतकं अंगात मुरलं, की कोणी वय विचारलं तरी मी दोन वजा करून सांगतो असं बायको म्हणते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सायवनच्या जिराफाचा कान निघाला म्हणून निरोप आला. मुलं लोंबकळतात, दुसरं काय. मी सरस घेऊन गेलो. कान बसवत होतो, तेवढ्यात विशीतली एक मुलगी आली, दाराशी चपला काढल्या आणि जिराफाला पाठ लावून ताठ उभी राहिली. बालवाडीच्या सेविका मंजूताई तिथंच होत्या. त्यांनी तिच्या डोक्यावर पाटी आडवी धरली आणि आकडा वाचला.

"परत बघा," मुलगी म्हणाली.

तीनदा बघितलं. आकडा तोच. ती चपला घालून निघून गेली.

"वनिता," मंजूताई म्हणाल्या. "आई-बाप चिकूच्या वाडीत मजुरीला जातात. हिला पोलिसात जायचंय. रोज पहाटे धावते, आणि दर पंधरा दिवसांनी इथं येऊन मोजते. दीड सेंटिमीटर कमी पडतंय. आता या वयात माणूस वाढतं होय?"

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त अभिमान वाटला. पोलीस भरतीची उंची माझ्या जिराफावर ठरतेय म्हणजे केवढी गोष्ट! घरी येऊन बायकोलाही सांगितलं.

त्यानंतर चार महिन्यांनी मी आणि नटूभाई डहाणू रोडला स्टेशनबाहेर चहा पीत होतो. शेजारी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचं दुकान आहे. तिथं पोरापोरींची ही गर्दी. पोलीस भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. मला ती मुलगी आठवली आणि मी नटूभाईला तिची गोष्ट सांगितली. वर म्हटलं, "बिचारी. पण करणार काय, जिराफ कोणाला सोडत नाही."

नटूभाई खूश झाला. "जिराफ एकदम करेक्ट. पण करेक्ट कसा झाला ते मला विचार ने!"

"कसा झाला?"

"तुझी आबरू मी वाचवली, मिस्त्री. इतकी वरसं बोललो नाय, तुला खोटं लागेल, वाईट वाटेल म्हणून. तुझी ती टेप तुटेली होती ने? मला माहीत, तू वजा करायला विसरणार. माझ्या ब्रशच्या पेटीला तू विसरला होता की नाय? बे सेंटिमीटर कमी, ब्रश मावेना! म्हणून मी काय केलं, तुझ्या प्रत्येक रेघेच्या बे सेंटिमीटर वर माझी रेघ मारली. सत्तावीसच्या सत्तावीस."

माझ्या हातातला चहा अर्धा बशीत आणि अर्धा पायजम्यावर.

न कळलेल्यांसाठी सांगतो. मी जन्मात एकदा विसरलो असेन, त्या पेटीच्या वेळी. जिराफाला मी विसरलो नव्हतो. माझ्या रेघा बरोबर होत्या. नटूभाईनं त्या सुधारल्या. दोघांनी मन लावून, न सांगता, एकच चूक दोनदा दुरुस्त केली. त्यामुळे जिराफाजवळ जो कोणी उभा राहील तो आहे त्यापेक्षा दोन सेंटिमीटर बुटका दिसत होता. वनिता दीड कमी नव्हती. ती अर्धा जास्त होती.

"आजपर्यंत कोणाला कळलं कसं नाही?" मी ओरडलो. पण विचार केला तेव्हा ध्यानात आलं. जे जिराफावर बुटके ठरले ते भरतीच्या मैदानावर गेलेच नाहीत. जे गेले ते तिथं दोन सेंटिमीटर जास्त भरले आणि व्यायामाचा गुण म्हणून खुशीत परतले.

नटूभाईनं पेला ठेवला. "फारम केव्हापर्यंत?"

"संध्याकाळी सहा."

"बस मागे."

त्याची स्कूटर माझ्या टेपच्या वयाची. चढ आला की मी उतरायचं आणि चालत वर जायचं. सायवनला पोहोचायला दीड वाजला. वनिता घरामागे भात पाखडत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काका, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. चार महिने झाले. मी धावायचं पण सोडलंय."

आम्ही नवी टेप आणली होती. तिला भिंतीला उभं करून मोजलं. अर्धा सेंटिमीटर जास्त. पण तोवर पाडा गोळा झाला होता, आणि पाड्याला टेप मान्य होईना. बरकूबाबा म्हणून तिथले वयस्क, शब्दाला मान असलेले. त्यांनी टेप ओढून बघितली, सोडली, ती सुर्रकन आत गेली.

"ही गुंडाळते," ते म्हणाले. "जी वस्तू गुंडाळते तिचा काय भरवसा? जिराफ सागाचा हाय. आजवर जागचा हालला नाय."

मी म्हटलं, "बाबा, तो जिराफ मीच केलाय!"

"मग तुला तर जास्त भरवसा पायजे."

नटूभाईनं बालवाडीतून जिराफ उतरवून अंगणात आडवा टाकला आणि शेजारी टेप पसरली. बरोबर दोनचा फरक. त्यावर कोणीतरी म्हणालं, उभा जिराफ आणि झोपलेला जिराफ यांची लांबी सारखी कशी असेल? माणूससुद्धा झोपला की लांब होतो. यावर बराच वेळ चर्चा झाली. दोन जण प्रयोग म्हणून झोपलेही.

माझा तोल सुटला आणि मी नटूभाईवर घसरलो. "तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला? पेन्सिलीवर रंग मारायचा, बस!"

"मी शहाणपण केलं? तू नवी टेप का नाय घेतली? चाळीस रुपयांसाठी ह्या पोरीचं नशीब कापलं!"

"माझी रेघ बरोबर होती!"

"मला सांगितलं का, बरोबर हाय म्हणून?"

आम्ही दोन म्हातारे अंगणाच्या मधोमध, पायांत जिराफ आडवा, आणि एकमेकांच्या अंगावर धावून चाललेले. मुलं टाळ्या वाजवायला लागली. तेव्हा वनितानं सूप खाली ठेवलं.

"खरं असणार," ती म्हणाली. "खोटं सांगायला आले असते तर आधी ठरवून आले असते. असे भांडले नसते."

ती आत गेली, कागदपत्रांची पिशवी घेऊन आली. आता प्रश्न वाहनाचा. एसटीला वेळ होता. नटूभाई म्हणाला, तिघं बसू, खेडेगावचा रस्ता हाय, कोण बघतं. वनितानं त्याच्याकडे बघितलं.

"पोलिसात भरती व्हायला ट्रिपल सीट जाऊ?"

त्यामुळे ती दोघं गेली आणि मी सायवनला राहिलो, आडवा जिराफ आणि सगळा पाडा यांच्या ताब्यात.

तेवढ्या वेळात माझ्यावर पूर्ण खटला चालला. एक तरुण पुढे आला. जिराफावर त्याची उंची होणाऱ्या बायकोपेक्षा कमी भरली होती, म्हणून त्यानं लग्नासाठी जाड टाचांचे बूट घेतले होते, आणि ते अजून चावत होते. मी सांगितलं, बाबा, दोघांचीही दोननं कमीच भरली असणार, तेव्हा बूट लागलेच असते. त्याचं समाधान झालं नाही.

सगळ्यात अवघड मंजूताई. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, हे मोठ्या बाईंना सांगायचं नाही."

"का?"

"बाईंच्या तक्त्यात आमच्या सत्तावीस बालवाड्यांची मुलं सारखी बुटकी भरतात. कारण सापडेना, म्हणून बाईंनी नाचणीचे लाडू वाढवून दिलेत, रोज एक जास्त. पोरं बघा कशी झालीत." पोरं खरोखर गुटगुटीत होती. त्यांतलं एक जिराफाच्या मानेवर बसून लाडू खात होतं. "रेघा सुधारल्या तर लाडू जाईल."

माझ्या अडतीस वर्षांच्या कामातलं मुलांच्या पोटात गेलेलं एवढं एकच, आणि तेही चुकीनं. पण बाईंना मी सांगितलंच, दुसऱ्याच दिवशी. बाईंनी तक्ता काढून बघितला. मग म्हणाल्या, "लाडू राहू देत. पण जिराफ सगळे दुरुस्त करून द्या, फुकट."

फॉर्म भरला गेला. दुकानातलं मशीन साडेपाचला बंद पडलं, ते सहाला पाच कमी असताना चालू झालं. नटूभाईनं तोवर दुकानदाराला तीन भाषांत शिव्या दिल्या होत्या. घरी येऊन तो म्हणाला, "झालं, मिस्त्री. भरपाई झाली." मलाही तसंच वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

भरतीच्या मैदानावर वनिताची उंची भरली. अर्धा सेंटिमीटर जास्त, टेपनं सांगितली तेवढीच. धावण्यात ती कमी पडली.

चार महिने ती धावली नव्हती. कशी धावेल? जिराफानं सांगितलं होतं की तुझा उपयोग नाही. नंतर मिळाले ते थोडे आठवडे, त्यात दम वाढायच्या आतच मैदानी चाचणी आली. हे मला मंजूताईंनी फोनवर सांगितलं, आणि मी वखारीत जाऊन बसलो. दिवा लावला नाही. खेळणी करताना एकाही मुलाला कड लागू नये म्हणून अडतीस वर्षं घासत आलो होतो. जी लागली ती माझ्या नजरेलाच पडली नव्हती.

आठवड्यानं वनिता स्वतः घरी आली. मी म्हटलं, आता जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेतो.

"बोलायला नाही आले," ती म्हणाली. "वय अजून एक वर्ष बसतं. मी परत धावतेय. मला बाकीच्या सव्वीस जिराफांची यादी द्या."

"ते मी दुरुस्त करायला घेणारच आहे."

"दुरुस्तीसाठी नाही. तिथं कोणी माझ्यासारखी असेल की, मोजून घरी गेलेली."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सत्तावीस जिराफ केले, सत्तावीस चुका मोजल्या, पण दुसऱ्या कुठल्या दारात कोणी तीनदा "परत बघा" म्हणून गेली असेल, हा विचार शिवला नाही. मी यादी दिली, नवी टेप दिली. ती महिनाभर फिरली. कधी एसटीनं, कधी धावत, तेवढाच सराव. परत आली तेव्हा वहीत सात नावं होती. सातही मुली. सगळ्यांची उंची पुरत होती.

"पाच जणींचं वय बसतं," ती म्हणाली. "त्यांना मी सांगितलंय. या दोघींचं उलटून गेलं. यांना तुम्ही सांगायचं, काका."

मी म्हटलं, "आता सांगून काय होणार? उगाच त्यांच्या जिवाला—"

"त्यांना अजून वाटतं त्या बुटक्या आहेत," वनिता म्हणाली.

मी नटूभाईला फोन केला. तो लगेच स्कूटर घेऊन आला.

पहिली तलासरीकडची. लग्न झालेलं, कडेवर एक मूल आणि पायाशी तीन-चार वर्षांची मुलगी. आम्ही अंगणात उभे राहून सगळं सांगितलं. टेप, रेघा, दोनदा वजा. या खेपेला आम्ही भांडलो नाही. दोघंही म्हणालो, चूक माझी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदा कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हणजे मी बसत होते," ती म्हणाली.

"हो."

"किती जास्त होते?"

"एक सेंटिमीटर."

तिनं कडेवरचं मूल खाली ठेवलं. मग मुलीला हाक मारली, तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, तिची हनुवटी सरळ केली आणि माझ्यापुढे हात केला.

"टेप द्या," ती म्हणाली. "हिला मीच मोजीन."